वयाएवढी साखर

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, मग पायऱ्या भरल्या, मग लोक भिंतीला पाठ लावून उभे राहिले. व्यासपीठावर मधोमध निळी प्लास्टिकची बादली होती आणि बादलीच्या मागे, हात पसरून, तरंगबाबा. गावातली शंभरेक म्हातारी माणसं आज त्या बादलीत आपापल्या इन्सुलिनच्या सुया टाकणार होती. एका दिवसासाठी नव्हे, कायमच्या.

"मी औषध देतो का?" बाबा गरजले.

"नाही!"

"मी तरंग देतो! तुमची साखर वर का चढते? कारण ती घाबरलेली असते. मी तिला म्हणतो, बाई गं, घाबरू नकोस, खाली बस. आणि ती बसते!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट. साखरेला बसायला सांगणारा माणूस समोर असताना कोण गप्प बसणार?

"आणि हे मी म्हणत नाही हं," बाबांनी एक कागद फडकावला, "हे लॅब म्हणते!"

धाकटी भिंतीला टेकून उभी होती. तो कागद तिनं छापला होता. पन्नाशी गाठली तरी घरी आणि लॅबमध्ये सगळे तिला धाकटीच म्हणत. लॅबमधल्या याद्या करणं हे तिचं बावीस वर्षांचं काम. आणि बाबांच्या हातातली ती यादी साफ खोटी होती. हे तिला सोमवारपासून ठाऊक होतं. आज गुरुवार होता, आणि सुया टाकायच्या रांगेत बारावी तिची आई उभी होती.

प्रकार असा झाला होता. तीन महिन्यांपूर्वी बाबांनी ज्येष्ठांचं शिबिर भरवलं. पहिल्या तपासणीत सगळ्यांची साखर दोनशेच्या आसपास किंवा वर. मग बाबांनी दीक्षा दिली. दीक्षा म्हणजे काय, तर तपासणीच्या नोंदीत आपल्या नावापुढे स्वल्पविराम द्यायचा आणि 'शरणागत' लिहायचं. "स्वल्पविराम म्हणजे अहंकार जिथं दम खातो ती जागा!" असं बाबांनी समजावलं होतं, आणि लोकांनी माना डोलावल्या होत्या. पुढच्या तपासण्यांत चमत्कार! ज्यांनी शरणागत लिहिलं त्यांची साखर सत्तर, पंचाहत्तर, ऐंशी. ज्यांनी लिहिलं नाही त्यांची होती तिथंच.

न लिहिणाऱ्यांत निवृत्त गणिताच्या बाई होत्या. "मी ह्यांनासुद्धा कधी शरण गेले नाही, तुमचं काय घेऊन बसलात," असं त्यांनी नवऱ्याकडे बोट दाखवून स्वयंसेवकाला सुनावलं होतं. त्यांची साखर आली एकशे चौऱ्याण्णव. बाबांनी ती भर सभेत वाचून दाखवली. "बघा, अहंकार किती? एकशे चौऱ्याण्णव!"

आता त्याच बाई गर्दीतून वाट काढत धाकटीपाशी आल्या. हातात एक वही.

"धाकटे, तुझ्या वहिनीची साखर किती आली?"

"एकसष्ट."

"आणि तिचं वय?"

धाकटीनं नजर रांगेकडे वळवली.

"मी सांगते, एकसष्ट. शिंप्याची साखर एकोणसत्तर, वय एकोणसत्तर. अकरा जणांना विचारलं मी. अकराच्या अकरा! एखादा असता तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं." बाईंनी वही मिटली. "यादी तू करतेस. तुला माहीत होतं?"

धाकटीच्या तोंडून खोटं निघालं नाही, एवढंच तिच्या बाजूनं बोलता येईल.

"सोमवारपासून."

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या रांगेकडे बघत राहिल्या. "आणि तुझी आई सुया बंद करून किती दिवस झाले?"

"दहा."

दहा दिवस! पहिल्या दिवशी धाकटी स्वतःच नाचत घरी गेली होती. "आई, अठ्ठ्याहत्तर! तुझी साखर अठ्ठ्याहत्तर!" आईचं वय तिला काय माहीत नव्हतं? पण चांगली बातमी कोण तपासून घेतो! त्यानंतर आई तांब्यामागून तांब्या पाणी प्यायला लागली. अंगठ्याची जखम भरेना. सोमवारी एका रुग्णाचा पत्ता दुरुस्त करायला धाकटीनं यादीतले लपवलेले रकाने उघडले, आणि काय झालंय ते लख्ख दिसलं. मंगळवारी ती बाबांकडे गेली.

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं होतं. "चूक कुणाच्या हातून झाली?"

"माझ्या."

"मग गुरुवारचा सोहळा पार पडू दे, आणि नंतर गुपचूप दुरुस्त कर. नाहीतर उद्या लोक तुझ्याच दारात येतील. बावीस वर्षांची नोकरी ना?"

आणि धाकटी तोंडात मिठाची गुळणी धरून घरी परतली. बुधवारी सकाळी आईनं विचारलं, "बरं नाही का तुला?" तेव्हाही ती म्हणाली, "काही नाही गं, डोकं दुखतंय." आई तिच्यासाठी चहा ठेवायला उठली, लंगडत.

व्यासपीठावर बादलीत पहिली सुई पडली. टाळ्या. दुसरी, तिसरी, असं करत अकरा जणांच्या. आई बादलीपाशी पोचली आणि पिशवीत हात घालू लागली.

"आई, थांब!"

आवाज आपलाच आहे हे धाकटीला पायऱ्या चढताना कळलं. मागोमाग बाईही आल्या.

"बाळ," बाबा मधाळ हसले, "तुझ्या मनात संशयाचे तरंग..."

"तरंग राहू द्या बाजूला," बाई म्हणाल्या. "तिला बोलू द्या. मंडळी, एक काम करा. आपापली तपासणीची चिठ्ठी काढा आणि त्यावरची साखर मोठ्यानं वाचा. काढा, काढा! हं, आता आपलं वय सांगा."

आधी कुजबुज झाली. मग शिंपी उठून उभा राहिला. "अहो, एकोणसत्तर! आणि मी एकोणसत्तरचाच आहे की!"

"माझी मागच्या वेळी त्र्याहत्तर होती, आता चौऱ्याहत्तर," मागून एक आजोबा ओरडले. "बाबा म्हणाले, तुझी श्रद्धा एका अंशानं घसरली. अरे, मधे माझा वाढदिवस झाला होता!"

हशा पिकला, पण अर्धाच. पुढच्या रांगेतल्या कुणालाच हसू येत नव्हतं.

बाईंनी पाच खुर्च्या ओळीनं मांडल्या. "क्रमांक, नाव, वस्ती, वय, साखर. लॅबच्या यंत्रातून प्रत्येकाची ही अशी ओळ येते. पुढचं तू सांग."

"दोन गोष्टींच्या मधे यंत्र एक स्वल्पविराम टाकतं. मी ती फाइल स्प्रेडशीटमध्ये, म्हणजे रकान्यांच्या तक्त्यात उघडते. संगणकाला अर्थ कळत नाही, तो फक्त स्वल्पविराम दिसला की ओळ तोडतो आणि पुढचा तुकडा पुढच्या रकान्यात, म्हणजे पुढच्या खुर्चीत बसवतो." तिनं पाच जणांना खुर्च्यांवर बसवलं, मग शिंप्याचा हात धरून त्याला नावाच्या शेजारी आणलं. "हा 'शरणागत'. बाबांनी मधे आणखी एक स्वल्पविराम घातला. संगणकाला वाटलं, ही नवीन माहिती. आता ह्याला बसायला जागा द्या."

शिंपी वस्तीच्या खुर्चीत बसला. वस्ती सरकून वयाच्या खुर्चीत गेली. वय उठलं आणि साखरेच्या खुर्चीत बसलं. साखर झालेली वहिनी पलीकडे नुसतीच उभी राहिली, तिला खुर्चीच उरली नाही.

"खरी साखर ही," धाकटी म्हणाली. "कागदाच्या बाहेर गेली, म्हणून छापलीच नाही. वस्ती आणि वय मी लपवून ठेवत होते, यादी एका पानात बसावी म्हणून. ते उघडे असते तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं. खाली डॉक्टरांची सही आहे, पण डॉक्टरांना फक्त सहीपुरती सवड असते. आणि सोमवारी मला कळलं. मंगळवारी मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, सोहळा होऊ दे. त्यांचं ते बघतील. पण मी गप्प बसले. माझी नोकरी जाईल म्हणून."

सगळ्यांच्या माना बाबांकडे वळल्या. बाबा मागच्या दाराशी पोचले होते. "यंत्रं चुकतात, श्रद्धा चुकत नाही," एवढं बोलून ते निघून गेले. बादलीत सुया टाकलेल्या अकरा जणांनी बादली पालथी घातली आणि आपापल्या सुया शोधायला लागले.

"ह्या नकोत, नव्या घ्या!" बाई ओरडल्या. "आणि आधी डॉक्टरकडे जा, आजच!"

धाकटी पुढे आली. "आता तुम्ही म्हणाल, धाकटी सांगते म्हणजे खरंच असणार. तसं मुळीच म्हणू नका. कागदावर छापलंय, खाली सही आहे, म्हणून काही खरं होत नाही. आकडा कुठून आला ते विचारा. कुणी मोजला, पुन्हा मोजला तर तोच येतो का, ते विचारा. बाबाला विचारा, डॉक्टरला विचारा, आणि मला तर सगळ्यात आधी विचारा. आवडता आकडा आला की दोनदा विचारा."

आई अजून तिथंच उभी होती, पिशवी छातीशी धरून.

"माझी खरी किती?"

"तीनशे अकरा."

आईनं मान हलवली, हिशोब लागल्यासारखी. "बाबानं सांगितलं म्हणून मी सुई सोडली नव्हती गं. असे बाबा मी चिक्कार पाहिलेत. तू कागद आणलास म्हणून सोडली."

धाकटीनं पिशवी घ्यायला हात पुढे केला. आईनं ती दिली नाही. तिनं गणिताच्या बाईंचा दंड धरला आणि एकेक पायरी जपून उतरायला लागली.

"डॉक्टरकडे मी ह्यांच्याबरोबर जाते," ती मागे न बघता म्हणाली. "तू यादी नीट कर."