डायच्या पोटात कुंकू

मित्रांनो, माझे पोट पोकळ आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

मी पोलादाची, अंगठ्यापेक्षा थोडी उंच अशी जुनी डाय आहे. सांगलीजवळच्या एका परवानाधारक रायफल क्लबात, हँडलने दाबायच्या प्रेसच्या डोक्यावर आटे पिळून मला बसवले आहे. बार उडाला की मागे उरलेली पितळी पुंगळी फुगते. ती माझ्या पोटात शिरते, दबते आणि मूळ मापावर येते. तेव्हाच ती पुन्हा वापरता येते.

हँडल खाली. पुंगळी आत.
हँडल वर. पुंगळी बाहेर.

अकरा वर्षे मी हेच केले. आमच्या क्लबातल्या रायफलींनी कागदी निशाणाशिवाय दुसरे काही पाहिलेले नाही.

कुपवाडच्या एका वर्कशॉपात भरतेश नावाच्या टर्नरने मला लेथवर कातले, भट्टीत लाल करून तेलात बुडवले आणि आतून आरशासारखे घासले. क्लबात मी यल्लाप्पांच्या हाती आले. यल्लाप्पा जतचे. फौजेत त्यांनी बावीस वर्षे हत्यारे दुरुस्त केलेली. आल्या-गेल्याला ते सांगत, "हिच्या पोटात केस जरी पडला, तरी मला कळतंय." ते ऐकून मी आणखी ताठ बसायचे.

मग खंडेनवमी आली.

आमच्याकडे त्या दिवशी हत्यारे-अवजारे पुजतात. यल्लाप्पांनी मला उतरवून पाटावर ठेवले. वर तेल, हळद, कुंकू, झेंडूचे फूल. शेजारी पाने-स्क्रू ड्रायव्हर होते, पण फूल मला एकटीलाच. दसरा झाल्यावर त्यांनी मला लखलखीत पुसले आणि परत जागेवर बसवले.

पुसले ते बाहेरून.

बुधवारी स्वप्नाली आली. फलटणची ही मुलगी तीन वर्षे इथे सराव करत होती. रविवारी तिची पहिली राज्य स्पर्धा होती आणि तिच्या साठ पुंगळ्या माझ्यातून जायच्या होत्या.

हँडल खाली. ओरखडा.
हँडल खाली. ओरखडा.

खोल ओरखडा असलेली पुंगळी बार उडताना फाटू शकते. म्हणून क्लबात ती कोणी वापरत नाही. पुंगळ्या नाहीत म्हणजे स्पर्धा नाही.

"पोरी, मातीसकट आणल्यास व्हय ह्या?" यल्लाप्पा म्हणाले.

"पुसल्यात की, आप्पा. दोनदा."

"मग डोळं मिटून पुसल्यास."

स्वप्नालीचे कान तापले. तिने पुंगळ्या तिसऱ्यांदा पुसल्या. पाचांवर पेनने एकेक रेघ ओढली आणि रेघ खिडकीकडे करून त्या माझ्यात घातल्या. पाचही ओरखडे रेघेच्या डाव्या अंगाला उमटले.

"आप्पा, माती असती तर ओरखडा जागा बदलत गेला असता. ह्यो एकाच जागी हाय. खोट डायमधी हाय."

क्लबचे सचिव वीरधवल दारातूनच म्हणाले, "मग टाका तिला भंगारात. नवी मागवू. पंधरा दिवसांत येईल."

"स्पर्धा रविवारी हाय, सर," स्वप्नाली म्हणाली.

मित्रांनो, पोलादाला जीभ नसते. त्या दिवशी ती हवी होती.

यल्लाप्पांनी मला खोलले. आतली पिन काढली. काडीला पांढरे फडके गुंडाळले, रॉकेलात भिजवले, माझ्या पोटात घालून फिरवले आणि बाहेर ओढले.

फडके लाल.

"गंज का वो, आप्पा?" स्वप्नालीने विचारले.

यल्लाप्पांनी तो लाल डाग चिमटीत चोळला. बराच वेळ चोळला. "न्हाई. कुंकू हाय. मीच लावलेलं."

तेलात कालवलेले कुंकू आत ओघळून सुकले होते. त्या खपलीला पितळाचा एक कण चिकटला होता आणि तो प्रत्येक पुंगळीला ओरबाडत होता.

"केस पडला तरी कळतंय म्हणत होता की, आप्पा," वीरधवल हसले.

यल्लाप्पा हसले नाहीत. ते स्वप्नालीकडे वळले. "तुझं बरोबर हुतं. मी उगा बोललो तुला."

अकरा वर्षांत असे वाक्य मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकले. माझ्या ताठ्यापेक्षा त्यांचा खरेपणा मला मोठा वाटला.

मग त्यांनी मला फडके पांढरे निघेपर्यंत पुसले, आतून घासले, कोरडे केले. स्वप्नालीने ओरखडलेल्या पुंगळ्या बाजूला टाकल्या, त्यांच्या जागी क्लबातल्या जादा पुंगळ्या घेतल्या आणि बोटाच्या टोकाने ती त्यांना वंगण लावू लागली.

"आवर गं हात. लय वंगण झालं की पुंगळीला पोचा पडतोय."

"बरं, आप्पा."

हँडल खाली. हँडल वर. साठ वेळा. प्रत्येक पुंगळीवरून स्वप्नालीचे नख फिरले आणि कुठेच अडले नाही. रविवारी पहाटे ती निघाली, तेव्हा तिच्या पेटीत माझी साठ मापे होती.

मित्रांनो, तुमच्या घरी शिलाई यंत्र असेल, पंप असेल, ट्रॅक्टर असेल. त्याला हार घाला, हात जोडा. आम्हाला ते आवडते, खोटे कशाला सांगू? फक्त दुसऱ्या दिवशी एक पांढरे फडके आतपर्यंत घाला आणि ते कोणत्या रंगाचे निघते ते स्वतः बघा.