नानांच्या धोतराचं सूत

मी पेटीचरखा बोलतोय. झाकण लावलं की लोक मला वकिलाची बॅग समजतात, म्हणून आधीच ओळख दिलेली बरी.

माझा जन्म वर्ध्याजवळच्या नालवाडीचा, अंग सागवानी. विमलाबाईंनी मला तिथल्याच आपल्या घरी आणलं. सकाळची पूजा आटोपली की त्या मला पुढ्यात घेऊन बसायच्या. त्यांच्या हातचं सूत इतकं एकसारखं यायचं की मलाच स्वतःचा अभिमान वाटायचा. त्या सुताचं कापड विणून आलं की त्याची धोतरं त्यांचे यजमान नाना नेसायचे. नाना वकील. त्यांना कातता येत नव्हतं, बोलता मात्र फार सुरेख यायचं.

एकाहत्तर साली नानांना लोकसभेचं तिकीट मिळालं आणि माझी रवानगी प्रचाराच्या जीपमध्ये झाली. तळेगावच्या सभेत त्यांनी मला टेबलावर उघडून ठेवलं, धोतराचा सोगा उचलला आणि म्हणाले, "बंधुभगिनींनो, हे धोतर मी स्वतः कातलेल्या सुताचं आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी जागच्या जागी गार. या माणसानं माझा दांडा कधी हातात धरला नव्हता.

घरी विमलाबाईंनी विचारलं, "अवो, लोकायले खोटं काऊन सांगता? सूत त मी कातून राह्यली. एक डाव चार लोकायपुढं माह्यं नाव घ्या. मले दुसरं काई नको."

"अवं, निवडणुकीच्या टायमाले नाई. निवडून आलो का सांगतो."

नाना निवडून आले, दिल्लीला गेले. सत्त्याहत्तरला त्या पुन्हा बोलल्या, तेव्हा नाना म्हणाले की वारं उलटं आहे, आता कबूल केलं तर विरोधक डोक्यावर बसतील. ऐंशी साली ते केंद्रात मंत्री झाले. मग कारण असं निघालं, की मंत्र्यानंच खोटं बोललो म्हटलं तर सरकारची काय शोभा राहील? माणूस वाईट नव्हता. नाचणगावच्या लोकांचं दिल्लीत काम अडलं की करून द्यायचा. हे नाकारलं तर खोटं होईल, आणि खोटं बोलायला घरात एक जण होतेच.

त्या वर्षांत दर गांधीजयंतीला ते फोटोपुरते माझ्यासमोर बसायचे. पहिल्याच फेऱ्यात सूत तुटायचं. ते गेले की विमलाबाई तुटलेलं टोक जोडायच्या.

चौऱ्याऐंशीच्या प्रचारात मात्र नानांनी सकाळीच शब्द दिला, "आज नाचणगावात तुह्यं नाव घेतोच." विमलाबाई नवं लुगडं नेसून बायकांत पुढे बसल्या. नानांनी सोगा उचलला आणि गर्दी पाहून त्यांना राहवलं नाही. "मंत्री झालो तरी रोज पहाटे कातल्याशिवाय मी चहा घेत नाही!"

विमलाबाई घरी आल्या. त्यांनी माझी माळ, म्हणजे चाकावरची दोरी, सैल केली, झाकण लावलं आणि मला कपाटावर ठेवलं. मला वाटलं, राग आहे, चार दिवसांत उतरवतील. नाही उतरवलं; गांधीजयंतीचा फोटोही नाना दिल्लीतच काढून घेऊ लागले. पुढे त्या दुकानातून खादीची धोतरं आणून इस्त्री करून नानांच्या ट्रंकेत ठेवू लागल्या. नानांच्या लक्षातही आलं नाही. मला फार वाईट वाटलं.

एकोणनव्वदच्या निवडणुकीत नाना पडले. त्यांचे जुने कार्यकर्ते रूपरावजी यांनी वर्ध्यात सत्कार ठेवला, आणि मला झटकून व्यासपीठावर नेलं. नानांनी दांडा फिरवला. माळ सडलेली होती. चाक फिरलं, पण सूत जिच्यावर गुंडाळायचं ती चाती हलली नाही. फोटो मात्र छान निघाला.

मग नाना बोलायला उठले. आवाज खरंच भरून आला होता. "आज एक सांगतो. हे धोतर माझ्या पत्नीच्या हातच्या सुताचं आहे. इतकी वर्षं श्रेय मी घेतलं."

सभा उठून उभी राहिली. व्यासपीठावर बसलेल्या विमलाबाईंनी तोंडाला पदर लावला, खांदे हलू लागले. लोकांना वाटलं, रडतात. मी जवळ होतो. त्या हसत होत्या.

घरी त्या म्हणाल्या, "अवो, पाच वर्सं झाले, मी कातणं सोडलं. हे धोतर दुकानातलं आहे."

नानांनी सोगा हातात घेऊन पहिल्यांदाच नीट पाहिला. "म्हंजे... आज खरं बोललो, तेबी खोटंच?"

"आता तुमाले वेळ आहे," विमलाबाईंनी मला त्यांच्यासमोर ठेवलं. "नवी माळ लावली. बसा."

तेव्हापासून नाना रोज बसतात. सूत तुटतं. विमलाबाई शेजारी भाजी निवडतात, पण टोक जोडून देत नाहीत. अजून हातरुमालापुरतंही सूत झालेलं नाही.

नालवाडीला आलात तर जरूर डोकवा. विनंती एकच, टाळ्या वाजवू नका. टाळ्या ऐकल्या की नाना सवयीनं उठून उभे राहतात, आणि जमत आलेलं सूत पुन्हा तुटतं.