लिव्हर साफ आहे

“चालीस वरसं म्हावरा कापतंव मी, डॉक्टर! एकाची बी कलेजी कोथल्यात घावली नाय. यो रिपोट दुसऱ्याचा हाय!”

सासूबाईंनी कागद टेबलावर आपटला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सारसोळ्याची पुतळाबाई नेरूळच्या मासळीबाजारात भल्याभल्यांना गप्प बसवते, तिथे डॉक्टरांची काय कथा! माझे सासरे गोटीराम मात्र खुर्चीत अंग चोरून बसले होते. दोन महिन्यांत शर्ट अंगावर लोंबायला लागला होता. जठरातल्या गाठीचा तुकडा तपासला, तर निघाला लिव्हरच्या जातीचा कॅन्सर. ‘लिव्हर’ या एका शब्दावर आई, म्हणजे सासूबाई, अडून बसल्या होत्या. केमोसाठी आजच भरती व्हायचं होतं आणि त्या सही करू देईनात.

“मावशी, रिपोर्ट यांचाच आहे. आम्ही दोनदा तपासलाय,” डॉक्टर म्हणाले. “गाठ जठरातच आहे. फक्त तिच्या पेशी लिव्हरच्या पेशींसारख्या वागतात. फार क्वचित होतं असं. यांचं लिव्हर साफ आहे.”

“साफ हाय?” आई ताडकन उठून माझ्याकडे वळल्या. “आयकलास, नमे? लिव्हर साफ हाय! मंग काय घाबरायचा? करा सही!”

बाबांनी सही केली. आई लगबगीने कॅन्टीनमध्ये गेल्या, तोंड गोड करायला काहीतरी आणायला. मी हळूच डॉक्टरांना विचारलं, “मग बरे होतील ना?”

“ही जात फार लवकर पसरते. प्रयत्न करू,” ते म्हणाले आणि पुढची फाईल उघडली.

बाहेर बाकावर बाबांना बसवलं. म्हटलं, “आईंना मी नीट समजावते. उगाच आशा लावून बसतील.”

त्यांनी माझं मनगट धरलं. “नको गं. मना कललाय सगला. तिला आजचा दिस राहू दे.”

“बाबा, तुम्हाला भीती नाही वाटत?”

“वाटते ना. लय वाटते. म्हनून तं तुजा हात धरलाय.”

तेवढ्यात आई शिऱ्याची बशी घेऊन आल्या. गेले आठ दिवस बाबांच्या पोटात पेजसुद्धा ठरत नव्हती. त्यांनी एका हाताने चमचा उचलला. आई समोर उभ्या राहून बघत होत्या. दर घासाला माझ्या मनगटावरची पकड आवळत होती. बशी रिकामी झाली.

“अजून आनू?” आईंनी हसून विचारलं.

बाबांनी ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली, हो म्हणून.