खिडकीकडच्या नळ्या

“काकू, सर घरी आहेत का?” दारातल्या मुलीने विचारलं. नाहीत म्हटल्यावर तिने असा सुस्कारा सोडला की मला हसूच आलं. गुरू घरी नाही म्हणून सुटल्यासारखं वाटणारी शिष्या मी पहिल्यांदाच पाहत होते. माझ्या नवऱ्याच्या हाताखाली ती पीएचडी करत होती, आणि प्रबंध सादर करायची वेळ आली होती. मी शिलाई मशीनवरचं काम बाजूला सारलं आणि तिला बसायला स्टूल दिलं. ती बसली. खाली पडलेला दोरा उचलून बोटाला गुंडाळत राहिली.

आमचे हे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. त्या वर्षी निवृत्त व्हायचे होते. उभ्या आयुष्यात त्यांनी एकच असा शोधनिबंध लिहिला की ज्याचा दाखला अनोळखी लोकांनी दिला. कांद्याच्या सालीत एक पिवळा पदार्थ असतो. आपल्या शरीरात जे मोकाट कण नासधूस करत फिरतात त्यांना तो आवरतो. त्याला तांबं जोडलं की त्याचा हा जोर आणखी वाढतो, असा ह्यांचा शोध. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याने तो ऐकलाय. जावई तर मुलगी बघायला आला तेव्हाच ऐकून गेला, आणि तरी लग्नाला हो म्हणाला.

“काकू, मी तोच प्रयोग पुन्हा केला,” मुलगी शेवटी म्हणाली. “तांबं जोडल्यावर जोर वाढत नाही. कमी होतो.”

तिने तो अनेकदा करून पाहिला होता. दर वेळी तेच. आता तिने ठरवलं होतं की प्रबंधातून तेवढा भाग काढून टाकायचा. बाकीच्या कामावर पदवी मिळत होती. सरांची निवृत्त व्हायची वेळ झाली, आता त्यांच्या एकुलत्या एका कामाला खोटं कशाला पाडायचं? तो भाग का गाळला असं सरांनी विचारलं, तर तब्येतीमुळे जमला नाही असं ती सांगणार होती. मी फक्त तिची बाजू सावरून घ्यायची.

मी कबूल झाले. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. पोरगी गुणी आहे, झाकली मूठ ठेवतेय, आपण कशाला उघडा?

पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. तरीही मी गप्प राहिले असते. रात्री जेवताना ह्यांनीच विषय काढला. ती मुलगी हल्ली माझ्याकडे बघत नाही, म्हणाले, मी कधी तिला लागेल असं बोललो का गं? आठवत तर नाही. घास हातात धरून हे स्वतःचा अपराध शोधत बसले. मला ते बघवेना. मी सगळं सांगून टाकलं.

“तिचा हात अजून बसलेला नाही,” हे म्हणाले आणि ताटावरून उठले.

मला वाटलं होतं की चिडतील, तिला फोन करतील. तसलं काही केलं नाही. सकाळी चहा पिताना एवढंच विचारलं, की तुझ्याकडे काळं अस्तर आहे का, जाडसर? मी कापून दिलं. सुट्टीचा दिवस होता. ह्यांचा चेहरा बघून त्यांना एकटं सोडवेना, म्हणून मीही चपला घातल्या.

प्रयोगशाळेत आमच्याशिवाय कोणी नव्हतं. ह्यांचं टेबल पहिल्यापासून खिडकीशी, खिडकी डाव्या हाताला. हे डावखुरे. साधा पदार्थ उजवीकडच्या नळ्यांमध्ये आणि तांबं जोडलेला डावीकडच्या, म्हणजे खिडकीकडच्या नळ्यांमध्ये भरायची त्यांची सवय. परीक्षा जांभळ्या द्रावणाने होते. पदार्थात जोर असला की जांभळा रंग जाऊन पिवळा येतो. जितका जास्त जोर, तितका जांभळा कमी उरतो. ह्यांनी नळ्यांचे दोन सारखे रॅक तयार केले. एक नेहमीच्या जागी ठेवला. दुसरा माझ्या अस्तरात गुंडाळून कपाटात ठेवला. मग आम्ही बाकावर शेजारी शेजारी बसलो. आमच्या लेकीच्या बाळंतपणात दवाखान्याबाहेर बसलो होतो, तसेच.

वेळ झाल्यावर हे उठले. उघड्या रॅकमधल्या खिडकीकडच्या नळ्या पार पिवळ्या पडल्या होत्या, उजवीकडच्यांपेक्षाही जास्त. ह्यांच्या निबंधात होतं तसंच. माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी अस्तर सोडलं. आतल्या साध्या पदार्थाच्या नळ्या पिवळ्या झाल्या होत्या. तांबं जोडलेल्या पदार्थाच्या अजून जांभळ्याच होत्या.

“ऊन,” हे म्हणाले. “जांभळा रंग उन्हानेही उडतो. हे मी दरवर्षी पोरांना शिकवतो.”

पडदा ओढायला विसरलेल्या बाईला लोक वेंधळी म्हणतात. ह्यांच्या पडद्यामागे सगळं आयुष्य होतं.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, मी विचारलं नसतानाही. त्या पदार्थाला जणू हात असतात. त्याच हातांनी तो मोकाट कणांना आवरतो. ह्यांच्या तांब्याने नेमके तेच हात धरून ठेवले. सगळ्याच धातूंचं असं होत नाही, काही ठिकाणी जोर खरंच वाढतो, म्हणाले, पण इथे नाही. सांगता सांगता ह्यांनी माझे दोन्ही हात पकडले होते. सांगून झालं तरी सोडले नाहीत. मला फार वाईट वाटलं, आणि ह्यांची मायाही फार आली.

तिथूनच त्यांनी मुलीला फोन लावला. पलीकडे ती रडत असावी, कारण हे मध्ये मध्ये अगं ऐक, ऐक म्हणत होते. शेवटी जरा आवाज चढवून म्हणाले, “प्रबंधातून माझं नाव काढ हवं तर. आकडे काढायचे नाहीत.”

प्रबंधावरच्या तोंडी परीक्षेच्या दिवशी मी मागच्या रांगेत जाऊन बसले. मुलगी छान बोलली. ह्यांचे सहकारी पुढे बसले होते. तो भाग आला तशी त्यांच्यात कुजबूज सुरू झाली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई चष्मा वर सारून म्हणाल्या की याच विषयावरच्या जुन्या निबंधात नेमकं उलट लिहिलंय, त्याचं काय? उत्तर मुलीला पाठ असणार. पण तिने एकदा सरांकडे पाहिलं आणि ते उत्तर बाजूलाच राहिलं. परिस्थिती वेगळी असेल, उपकरणं वेगळी असतील, असं काहीबाही ती पुटपुटू लागली.

हे उभे राहिले.

“तो निबंध माझा आहे,” ते म्हणाले. “मी नळ्या उन्हात ठेवल्या होत्या, म्हणून रंग उडाला. चूक माझी. हिचं बरोबर आहे.”

कोणीतरी खाकरलं. परीक्षक बाईंनी ह्यांच्याकडे नीट पाहिलं. वाईट नव्हत्या त्या. म्हणाल्या, मी हे नुसतं ऐकलं असं समजू, की अहवालात घेऊ?

“घ्या,” हे म्हणाले. “पुढे कोणी तो निबंध धरून चालायला नको.”

बाईंनी पेन उघडलं आणि नाव विचारलं. ह्यांनी पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, सावकाश. आणि बाईंचं लिहून होईपर्यंत ते तिथेच उभे राहिले.