जाहिरातीतला आकडा

"पुन्हा वाच बघू," थोरली म्हणाली. "एखादं शून्य जास्त तर नाही ना वाचलंस?"

धाकटीने मोबाइल डोळ्यांजवळ नेला. वाचायचं काही उरलं नव्हतं, पण थोरलीकडे न बघायला निमित्त हवं होतं. जाहिरात त्यांच्याच कारखान्याची होती. चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवायला कारागीर पाहिजे, अनुभवाची अट नाही. आणि खाली, पहिल्यांदाच, पगार. पगार छापल्याशिवाय जाहिरात द्यायची नाही असा नवा नियम आला होता, नाहीतर मालकांनी तो आकडा कोणाला स्वप्नातही सांगितला नसता.

"बरोबर आहे, ताई. एवढाच आहे."

"म्हणजे ज्याला अजून काच धरता येत नाही, त्याला माझ्या दीडपट?" थोरली हसली. तिला राग यायला वेळ लागे, आधी हसूच येई. "छापणाऱ्याने घोळ घातला असेल."

दोघी सख्ख्या नव्हेत, चुलतही नव्हेत. शेजारी शेजारी बसायच्या, एक काच घासायची आणि दुसरी ती फ्रेममध्ये बसवायची, म्हणून कारखान्याने त्यांना थोरली आणि धाकटी करून टाकलं होतं. धाकटी नवी आली तेव्हा काच चाकाला किती टेकवायची, हे थोरलीने तिचा हात हातात धरून शिकवलं होतं. आणि त्या पहिल्या दिवसापासून धाकटीचा पगार थोरलीपेक्षा जास्त होता.

कारण अगदी साधं होतं. नव्या माणसाला ऑफिसात विचारत, मागच्या ठिकाणी किती मिळत होते? त्यावर थोडे चढवून द्यायचे, झालं. थोरलीने खरं सांगितलं होतं. धाकटीने बहिणीच्या नवऱ्याचं ऐकून थाप मारली आणि ती पचली. पगाराबद्दल आपापसात बोलायचं नाही अशी ताकीद सगळ्यांनाच होती. धाकटीला ती भलतीच सोयीची पडली. थोरली मात्र पगार झाला की बिनदिक्कत रडगाणं गायची आणि धाकटी "काय करणार, ताई" म्हणत मान हलवायची. त्या मान हलवण्याची तिला स्वतःलाच शिसारी यायची.

"तुला किती मिळतात गं?" थोरलीने विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

सांगावं, असं मनात आलं. पण ऑफिसने जुनी थाप उकरून काढली तर? मुलीचं कॉलेज होतं, नवऱ्याचं दुकान बसलेलं होतं. आणि खरं तर या सगळ्याहून जास्त भीती थोरलीच्या नजरेची होती.

"तुझ्याएवढेच, ताई. मला कोण जास्त देतंय?"

चहा अर्धाच टाकून ती चाकाकडे वळली.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. दुपारभर थोरली नुसती खोकली तरी धाकटी दचकत होती. त्या नादात तिने उजव्या डोळ्याची काच डाव्या डोळ्याच्या मापाने घासली. काच महागाची होती, आणि अशी नासाडी ज्याच्या त्याच्या पगारातून कापत.

थोरलीने नुसत्या नजरेनेच चूक ओळखली आणि काच बाजूला ठेवली. "माझ्या हातून बिघडली म्हणून सांगते. तुझं चित्त ठिकाणावर नाही आज. घरी बरं आहे ना?"

"बरं आहे," धाकटी म्हणाली. थोरलीने चार शिव्या घातल्या असत्या तर किती बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

जरा वेळाने थोरली हात पुसून उठली.

"कुठे निघालीस?"

"मालकांकडे. माझ्या एकटीचं असतं तर गेले नसते, मला मेलीला मागता येत नाही. पण तुझी पोरगी शिकतेय. दोघींसाठी मागते."

"ताई, नको. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"काढून तर टाकणार नाहीत ना? तू येऊ नकोस, उगाच तुझं नाव यायला नको."

दारापर्यंत चार पावलं होती. तेवढ्यात हाक मारता आली असती. धाकटीने चाक सुरू केलं.

ऑफिसच्या खिडकीतून तिला सगळं दिसत होतं, ऐकू मात्र काही येत नव्हतं. थोरलीने दोन बोटं दाखवली. मालकांनी मान हलवली आणि काहीतरी सांगितलं. थोरलीने पुन्हा दोन बोटं दाखवली. मालक पुन्हा बोलले, या वेळी सावकाश, लहान मुलाला समजावतात तसे. थोरलीची बोटं हळूहळू मिटली.

ती परत आली, आपल्या जागी बसली.

"काय म्हणाले?" धाकटीने विचारलं. न विचारून चालण्यासारखं नव्हतं.

"माझं बघतो म्हणाले." थोरलीने समोरची फ्रेम उचलली, उगाच उघडमीट केली. "तुझं पहिल्यापासून नीट आहे म्हणाले."

"ताई, मी..."

"बरं झालं. मला वाटलं होतं, दोघींनाही फसवलंय."

आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. धाकटीने त्यात टोमणा शोधून पाहिला. सापडला असता तर तिला उत्तर देता आलं असतं.

"दे पुढची काच," थोरली म्हणाली.

धाकटीने दिली. थोरलीने ती उजेडात धरली, मग खणातून मोजपट्टी काढली. दुपारी एवढी चूक पाहूनही तिने धाकटीच्या हातच्या काचेला माप लावलं नव्हतं. आता लावलं.