हॉल वाफवाल्यांचा, खोली विहीणबाईंची

वाफवाल्यांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता फारसं कुणी उरलं नव्हतं. गरम पाण्याने कार्पेट धुण्याचा त्यांचा धंदा. काम चालू असलं की व्हॅनमधल्या टाकीतून भसाभस वाफ निघायची, म्हणून गिऱ्हाइकांनीच हे नाव ठेवलं, आणि पुढे त्यांनी ते व्हॅनच्या दारावरही रंगवून घेतलं. माणूस तसा समाधानी. वाकडं होतं ते फक्त कोरड्या धुलाईशी. "कार्पेटला पावडर लावतात म्हणे, अंघोळ न घालता," असं ते चारचौघांत हसून सांगायचे. मग मुलाने लग्न ठरवलं, ते नेमकं कोरड्या धुलाईवाल्या बाईंच्या मुलीशी, आणि वाफवाल्यांच्या तोंडाला कुलूप बसलं.

तेव्हापासून विहीणबाई भेटल्या की हवापाण्याच्या गप्पा व्हायच्या. त्यातही पाण्याच्या कमी, हवेच्या जास्त.

सून बाळंत झाली, मुलगी झाली, सगळं सुखरूप पार पडलं. त्याच सुमारास मुलाने नवं घर भाड्याने घेतलं होतं. आधीच्या भाडेकरूने कुत्रा पाळला होता, आणि हॉलमध्ये आणि झोपायच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट होतं. मायलेकी उद्या घरी यायच्या होत्या. वाफवाले पहाटेच उठले, टाकी भरली, आणि जाडजूड नळी खांद्यावर घेऊन धापा टाकत जिना चढले. दार उघडंच होतं. आत विहीणबाई ब्रशचं मशीन आणि एक गोणी घेऊन उभ्या होत्या.

"तुम्ही इथे कशा?" वाफवाल्यांनी विचारलं.

"जावईबापूंनी चावी दिली."

"चावी तर मलाही दिलीय."

पोराने दोन्हीकडे होकार देऊन स्वतः हॉस्पिटलात मुक्काम ठोकला होता, हे दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं.

"दोघांचं मन राखलं हो त्यांनी," विहीणबाई म्हणाल्या.

"मन कसलं राखलं, अंग काढून घेतलं." वाफवाल्यांनी नळी खाली ठेवली. "आता आलाच आहात तर बसा निवांत. दोन्ही खोल्या मी उरकतो. बाळ यायचंय, चांगलं खळखळून धुऊन निघालं पाहिजे."

"आणि वाळणार कधी? ओल्या कार्पेटवर बाळंतिणीला चालवायचं का?"

"रात्रभरात वाळतं माझं."

"वरून वाळतं. बुडाशी?"

"मग तुमची पावडर तरी बुडातून सगळी निघते का?"

"आळस केला तर नाही निघत," विहीणबाई शांतपणे म्हणाल्या. "आणि घाई केली तर तुमचं पाणीही नाही निघत."

हे खरंच होतं. तेवढ्यात विहीणबाई झोपायच्या खोलीत गेल्या, दारामागच्या कोपऱ्यात गुडघे टेकून बसल्या आणि पकडीने कार्पेटची कड उचलून म्हणाल्या, "जरा इकडे येता का?"

वाफवाले वाकले. वर जुनी लोकर, आणि खाली तपकिरी जाडंभरडं विणकाम. त्यांनी अंगठा फिरवून पाहिला. ताग. गरम पाणी पडलं असतं तर कार्पेट कडेने आखडलं असतं आणि तागाचा रंग वर उठून जागोजागी डाग पडले असते. हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण कड उचलून बघायचं त्यांच्या मनात आलं नव्हतं. नातीच्या आनंदात आज ते थेट नळी सोडून मोकळे झाले असते.

"खोली तुमची," ते म्हणाले.

विहीणबाई हॉलमध्ये आल्या. तिथलं कार्पेट साधं, कृत्रिम धाग्याचं होतं. खिडकीजवळ त्यांनी नाक खाली नेलं आणि तोंड वाकडं करत उठल्या. "हे माझ्याच्याने व्हायचं नाही. माझा माल वरचा मळ उचलतो. कुत्र्याने केलंय ते पार खाली झिरपलंय. हॉल तुमचा."

एखादं काम आपल्याला जमणार नाही, असं वाफवाले आजवर कुणापाशी बोलले नव्हते. विहीणबाई ते किती सहज बोलल्या, आणि बोलून पदर खोचून कामालाही लागल्या, याचं त्यांना नवल वाटलं. मनातून बरंही वाटलं.

खिडकीजवळच्या जागेवर त्यांनी वास घालवणारं औषध ओतलं आणि ते मुरेपर्यंत खोलीत डोकावले. पावडर कसली, ओलसर भुशासारखं काहीतरी होतं ते. विहीणबाईंनी ते हाताने सारखं पसरलं, मशीनच्या दोन ब्रशांनी लोकरीत घोळवलं आणि तसंच राहू दिलं. त्या पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेल्या, तसं वाफवाल्यांनी चिमूटभर भुसा उचलला. मघाशी पांढरा दिसणारा भुसा मातकट झाला होता. त्यांनी तो नाकाशी नेला.

"चव नका घेऊ," मागून विहीणबाई म्हणाल्या.

वाफवाले ओशाळून हॉलमध्ये परतले आणि त्यांनी पंप चालू केला. पाणी आत सोडायचं आणि लगेच ओढून घ्यायचं. पारदर्शक नळीतून काळ्या चहासारखं पाणी धावू लागलं. आता दारात उभं राहून बघायची पाळी विहीणबाईंची होती.

"अगं बाई, हे सगळं यात होतं?"

"अजून आहे," वाफवाले अभिमानाने म्हणाले. जणू ती घाण त्यांनीच जपून ठेवली होती.

खोली झाली. भुसा व्हॅक्यूमने ओढून झाला, लोकर उजळली, आणि विहीणबाई तिच्यावर अनवाणी फिरून आल्या. हॉलचं शेवटचं पाणीही स्वच्छ येऊ लागलं. आणि नेमका तेव्हाच मुलाचा फोन आला. डॉक्टरांनी आजच सोडलं होतं. निघालोच आहोत, म्हणाला.

दोघांनी हॉलकडे पाहिलं. खोलीत जायला वाट हॉलमधूनच होती, आणि हॉल चिंब होता.

वाफवाल्यांनी तोंडातल्या तोंडात पोराचा उद्धार केला, पाणी बंद केलं आणि नुसतं ओढून घेणं चालू ठेवलं. एकाच पट्ट्यावरून पुन्हा पुन्हा. विहीणबाईंनी खिडक्या सताड उघडल्या, मोठा पंखा लावला, आणि आपल्या मशीनचे ब्रश धुऊन पुसून घेऊन आल्या.

"धागे सगळे आडवे झोपलेत. उभे केले तर वारा आत शिरेल. फिरवू का?"

आपल्या ओल्या कार्पेटला वाफवाल्यांनी आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता. त्यांनी नळी जवळ ओढून घेतली. मग बाजूला झाले.

पुढे ते पाणी ओढायची नळी घेऊन आणि मागे विहीणबाई ब्रश घेऊन, अशी त्यांची वरात हॉलभर फिरली. बोलायला दोघांनाही उसंत नव्हती. ब्रश गेला तिथे कार्पेट फुलून येत होतं, आणि फुललेलं भराभर सुकत होतं. हे वाफवाल्यांना डोळ्यांनी दिसत होतं. शेवटी त्यांनी बूट काढले आणि मोज्यांनी चालून पाहिलं.

"थोडी ओल आहे."

"थोडी चालेल. नात काही आजच धावत नाही," विहीणबाई म्हणाल्या, आणि दारापासून खोलीपर्यंत त्यांनी धुतलेली चादर अंथरली.

सून आली. चादरीवरून हळूहळू चालत खोलीत गेली, पलंगावर टेकली आणि चपला काढून तळवे लोकरीवर ठेवले. "किती मऊ आहे. आणि कुत्र्याचा वास पार गेला की. औषधाचा नाही, साबणाचा नाही, कसलाच वास येत नाही."

"खोली यांची," वाफवाले म्हणाले. "हॉल माझा. म्हणजे धुतला मी. पण वाळवला यांनी."

विहीणबाईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. मुलगा अजून उंबऱ्यातच घुटमळत होता.

"या आत, जावईबापू," त्या म्हणाल्या. "आमचं भांडून झालंय."

वाफवाल्यांनी बाळाला घ्यायला हात पुढे केले. आधी हात धुऊन या, असं त्यांना सुनेने आणि विहीणबाईंनी एका सुरात सुनावलं. ते निमूट गेले, कोपरापर्यंत धुऊन आले. नात हातात आली तेव्हा गाढ झोपलेली होती. तिचं वजन त्यांच्या नळीच्या तोंडाएवढंही नव्हतं. ती जागी होऊ नये म्हणून ते न हलता उभे राहिले.

नंतर स्वयंपाकघरात चहा झाला. ओट्याला टेकून वाफवाल्यांनी विचारलं, "ते ब्रशचं मशीन कुठे मिळतं? नुसतं मशीन म्हणतोय मी. भुसा नको."

"सांगते की." विहीणबाईंनी कप विसळला. "आणि माझं एक गिऱ्हाईक आहे, नाटकाची तालीम चालते तिथलं. वर्षानुवर्षांचं सरबत सांडलंय त्या कार्पेटवर. दरवेळी वरवर साफ करून येते, मन खातं. तुम्ही याल?"

"कार्पेटची कड उचलून बघू आधी," वाफवाले म्हणाले.

ते नळी गुंडाळायला लागले, तर विहीणबाईंनी तिचं दुसरं टोक न विचारताच उचललं. जिन्यावरून दोघं जपून उतरू लागले, वाफवाले पुढे, त्या मागे.

"सावकाश, विहीणबाई. टोक वर धरा, अजून पाणी आहे त्यात."

"कळलं," त्या म्हणाल्या. "माझ्या चपलेतच आलंय ते."