दोन कुलपांचं कपाट

मित्रांनो, उत्तनच्या छोट्या दवाखान्यातलं औषधांचं जुनं कपाट ते मीच. वय झालंय, पण लाकूड सागवानी आहे, त्यामुळे मिजास अजून गेलेली नाही.

वसईच्या सुताराने माझ्या दारावर सुंदर वेलबुट्टी कोरली होती. महायुद्धाच्या आधी मला इथे आणलं. माझ्या वरच्या कप्प्यात मॉर्फिनच्या कुप्या असत. वेदनेने तळमळणाऱ्या रोग्याला त्याची सुई टोचली की आराम पडे. किल्ली नर्स आयरिनकडे असायची. ती मला रोज पुसायची आणि पुसताना गुणगुणायची.

पुढे पाठदुखीवर म्हणून तिने तीच सुई स्वतःला टोचून घेतली. पाठदुखी थांबली, सुई सुटेना. कुप्या कमी होऊ लागल्या, गुणगुणणं बंद पडलं. डॉक्टर मायकेलनी विचारताच तिने रडत सगळं सांगितलं आणि ती उपचारांसाठी मुंबईला गेली. मला फार वाईट वाटलं.

बरी होऊन ती परतली तेव्हा गावात कुजबुज झालीच. डॉक्टरांनी मात्र तिला कामावर घेतलं. पुन्हा एक जरी कुपी गेली तर नोकरी कायमची जाणार होती. तिला आधार म्हणून त्यांनी मला दुसरं कुलूप ठोकलं, तेही नेमकं वेलबुट्टीवर! त्याची किल्ली आया सत्यवतीच्या पदराला. दोघी आल्याशिवाय मी उघडायचं नाही. सत्यवतीच्या हातांना सदा सुक्या बोंबलांचा वास. माझ्यासारख्याने किती सोसायचं? पण हाक मारली की ती यायची, आयरिनची थट्टा करत शेजारी उभी राहायची. हळूहळू गुणगुणणं परत आलं.

नारळी पौर्णिमेला सत्यवतीला किनाऱ्यावर पूजेला जायचं होतं. तिने पदराची गाठ सोडली आणि किल्ली आयरिनच्या हातावर ठेवली.

"घे बाय. माझा भरोसा हाय तुझ्यावर."

दोन्ही किल्ल्या तिच्या मुठीत! क्षणभराने तिने किल्ली परत दिली.

"भरोसा हाय ना? मंग ही तुझ्याकडंच ठेव. मी हाक मारली की धावत ये."

दुपारी पाय मोडलेल्या एका खलाशाला आणलं. तो वेदनेने ओरडत होता. आयरिनने हाक पाठवली, आणि सत्यवती पूजेतून उठून नारळासकट धावत आली. ओला नारळ तिने माझ्या डोक्यावर आदळला. दोन्ही कुलपं उघडली, सुई टोचली आणि खलाशी शांत झोपला. मग माझ्या डोक्यावरचा नारळ बघून दोघी इतक्या हसल्या की डॉक्टरांनी दटावलं.

आता नवं लोखंडी कपाट आलंय. माझ्यात पट्ट्या आणि कापूस. आयरिन अजून इथेच आहे, नव्या मुलींना शिकवते. मित्रांनो, आजारातून उठून कामावर आलेल्या माणसावर नुसता विश्वास टाकून निघून जाऊ नका. हाकेच्या अंतरावर राहा. आणि मला पुसाल तेव्हा डोक्यावरचा नारळाचा डाग तेवढा राहू द्या.